नॉर्दर्न सोलच्या रेकॉर्डी जमवायच्यात, ओरिजिनल घेऊ की रीइश्यू?

उशिरा वाचणाऱ्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. मूळचा नाशिकचा, दीड वर्ष लीड्समध्ये आयटीत असलेला एक मुलगा ऑफिसातल्या एका बाईंच्या आग्रहाने सोल नाइटला, म्हणजे साठच्या दशकातल्या अमेरिकन सोल गाण्यांवर नाचायच्या कार्यक्रमाला गेला, रात्री दोनपर्यंत नाचला आणि तेव्हापासून झपाटलाय. महिन्याला ५० पौंड बाजूला काढता येतात. ऑनलाइन एक ४५, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची रेकॉर्ड दिसतेय, "१९६६ ओरिजिनल" म्हणून ३५ पौंडाला, आणि तेच गाणं नव्या रीइश्यूवर, म्हणजे पुन्हा छापलेल्या प्रतीवर, १२ पौंडाला. कुठलं घ्यायचं? खोटं कसं ओळखायचं? पुढे डीजेइंग करायचं झालं तर रीइश्यू चालतं का, या रेकॉर्डींची किंमत वाढते का, आणि सुट्टीत मुंबईला गेल्यावर चोर बाजारात काही मिळेल का?

तुला तूच म्हणतो, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी बोल्टनला राहतो, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, गेली बावीस-तेवीस वर्षं सेव्हन-इंच जमवतोय, साधारण अकराशे झाल्यात, आणि वर्षातून चार-पाच वेळा इथल्या एका वर्किंग मेन्स क्लबात तासभर वाजवतो. म्हणजे मोठा कोणी नाही, पण पैसे भरपूर घालवलेत, आणि काही अगदी मूर्खासारखे घालवलेत, त्यामुळे सांगण्यासारखं आहे.

चोर बाजाराचं आधी उरकतो. मी प्रत्येक सुट्टीत जातो, जुनी हिंदी, नाट्यसंगीत, डमडमच्या कारखान्यातल्या एचएमव्हीच्या रेकॉर्डी घेऊन येतो, पण सोलच्या नावाने मला तिथे आजपर्यंत कामाचं काही मिळालेलं नाही. चोर बाजारातल्या त्या मटण स्ट्रीटला जा जरूर, पण वेगळ्या कारणासाठी जा.

आता मुख्य. तू बरेच प्रश्न विचारलेस पण मला वाटतं मुळातला प्रश्न तू विचारलाच नाहीस, तो असा की या लोकांना त्या जुन्या प्लास्टिकचं एवढं काय पडलंय, गाणं तर फोनवर फुकट आहे. हे कळलं की ओरिजिनल-रीइश्यूचं उत्तर तुझं तूच काढशील, म्हणून जरा मागे जातो.

गाणी अमेरिकेची आणि वेड उत्तर इंग्लंडचं. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं नशीब फळफळलं तसं डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस सगळीकडे छोटे छोटे लेबलवाले, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यावाले, उभे राहिले, कुणी गॅरेजमधून, कुणी न्हाव्याच्या दुकानामागून, सगळ्यांना तसाच ठेका हवा होता. पाचशे-हजार प्रती काढायच्या, गावातल्या रेडिओवाल्याकडे नेऊन द्यायच्या, त्याने वाजवलं तर वाजवलं. बहुतेकांचं कुणी वाजवलं नाही. गायक परत कारखान्यात कामाला, आणि खोकी गोदामात. इकडे मँचेस्टरला ट्विस्टेड व्हील नावाच्या क्लबात पोरं रात्रभर याच ठेक्यावर नाचत होती. पुढे साठचं दशक संपता संपता अमेरिकेतला सोल बदलला, संथ झाला, फंकी झाला, आणि उत्तरेतल्या पोरांना तो नको होता, त्यांना १९६५-६६ चाच धावता ठेका हवा होता. पण तो तर कुणी बनवतच नव्हतं! मग एकच मार्ग उरला, तेव्हा काढलेलं पण कुणी न ऐकलेलं शोधून आणायचं.

नावही तिथूनच आलं. डेव्ह गोडिन म्हणून एक गृहस्थ होते, लंडनला कॉव्हेंट गार्डनमध्ये त्यांचं सोल सिटी नावाचं दुकान. फुटबॉलची मॅच बघायला उत्तरेतून आलेली पोरं दुकानात येऊन नवं काही ऐकायलाच तयार नसायची, जुनंच मागायची. म्हणून त्यांनी दुकानातल्या माणसांना सांगितलं की ही मंडळी आली की वेळ घालवू नका, नॉर्दर्न सोल लावा. १९७० मध्ये 'ब्लूज अँड सोल' मासिकात त्यांनी ते छापलं आणि नाव चिकटलं. मला या गोष्टीत मजा वाटते ती ही की नाव गाण्याचं नाहीच, गिऱ्हाइकाचं आहे.

मग सत्तरच्या दशकात क्लब आले, स्टोकमधल्या टन्स्टॉलचं टॉर्च, ब्लॅकपूल मेका, आणि सगळ्यात गाजलेलं विगन कसिनो. २३ सप्टेंबर १९७३ ला पहिली ऑलनाइटर, ६ डिसेंबर १९८१ ला शेवटची. शेवटची झाली तेव्हा मी सांगलीत सहावीत होतो, त्यामुळे मी कसिनोत होतो असं म्हणणाऱ्या हजारो लोकांत मी नाही. दारूचं लायसन्स नव्हतं, रात्रभर नाचायचं आणि सकाळी आठला बंद, शेवटी ठरलेली तीन गाणी वाजायची, त्यांना आजही 'थ्री बिफोर एट' म्हणतात. ती कुठली ते तू त्या ऑफिसातल्या बाईंना विचार, त्यांचा चेहरा बघण्यासारखा होईल. ती इमारत आता नाही, तिथे ग्रँड आर्केड नावाचं मॉल आहे.

या सगळ्यात डीजे म्हणजे नुसता वाजवणारा नव्हता, शोधणारा होता. मेकाच्या इयन लेविनचे आईवडील सुट्टीला मायामीला जायचे, हा तिथली गोदामं उपसून हजारो रेकॉर्डी घेऊन यायचा. आणि एखादं भारी सापडलं की दुसऱ्या क्लबवाल्याला कळू नये म्हणून लेबलवर पांढरा कागद चिकटवायचा आणि गायकाचं भलतंच नाव सांगायचं, याला कव्हर-अप म्हणतात. म्हणजे गाणं हजार लोकांसमोर वाजवायचं, पण ते काय आहे ते कुणाला कळू द्यायचं नाही! आपल्याकडच्या जुन्या गवयांच्या चीजा लपवायच्या गोष्टी ऐकल्या असशील, स्वभाव तोच.

फ्रँक विल्सनचं 'डू आय लव्ह यू' याचं टोकाचं उदाहरण. १९६५ ला मोटाउनच्या सोल नावाच्या उपलेबलवर छापलं, मग काढायचं रद्द झालं आणि प्रती नष्ट केल्या, विल्सन पुढे तिथेच निर्माता म्हणून कामाला लागले. हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या प्रती कशाबशा वाचल्या. इंग्लंडात ते आधी एडी फॉस्टर या खोट्या नावाने फिरलं. २००९ मध्ये त्याची एक प्रत २५,७४२ पौंडाला गेली. आणि तेच गाणं १९७९ ला टॅमला मोटाउनने इथे अधिकृतपणे काढलंय, ती प्रत किमतीत याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि वाजते मात्र छान.

तर ओरिजिनलचा हट्ट हा असा आलाय. जुन्या मंडळींच्या लेखी ती रेकॉर्ड म्हणजे कुणीतरी कुठूनतरी शोधून आणल्याचा पुरावा आहे. आवाज चांगला म्हणून ओरिजिनल, असं कुणी सांगितलं तर हस आणि सोडून दे, अर्ध्या ओरिजिनल प्रती इतक्या स्वस्तात छापलेल्या आहेत की चुलीवर पापड भाजल्यासारखा आवाज येतो.

माझं मत ऐक. जुन्या ओरिजिनलला तू ३०० पौंड दिलेस तरी गायकाला त्यातली पै मिळत नाही, ते सगळे विकणाऱ्याला जातात. अधिकृत रीइश्यू घेतलंस तर थोडं का होईना हक्कदाराकडे जातं. केंट लेबल १९८२ पासून हे काम करतंय, नीट परवाने घेऊन, मूळ टेप शोधून, कितीतरी गाणी तर त्या टेपांतच पहिल्यांदा सापडली, कधी छापलीच गेली नव्हती. त्यामुळे रीइश्यू घेणारा कमी दर्जाचा, हे मला मान्य नाही. कमी दर्जाचं आहे ते बूटलेग, म्हणजे कुणाची परवानगी न घेता चोरून छापलेलं, आणि गोंधळ असा की बाजारात रीइश्यू आणि बूटलेग हे शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. त्या १२ पौंडवाल्याला विचार, लेबल कुठलं, परवाना कुणाचा. उत्तर गुळमुळीत आलं तर समज.

आता ५० पौंडात काय करायचं. इथे सगळं तुझ्या उद्देशावर आहे. घरी ऐकायचं आणि गाणी ओळखायला शिकायचं असेल तर पहिले सहा महिने ओरिजिनलच्या नादाला लागूच नकोस, केंटची दोन-तीन संकलनं घे आणि दर महिन्याला एका तरी रात्री नाचायला जा. कान तयार व्हायला वेळ लागतो. मी पहिल्या वर्षी घेतलेल्या रेकॉर्डींपैकी निम्म्या आज ऐकवत नाहीत, कारण मी त्या दुर्मिळ म्हणून घेतल्या होत्या, आणि दुर्मिळ असण्याचं एक साधं कारण असं असतं की गाणं बेकार होतं म्हणून कुणी घेतलं नाही.

पण हातात जुनी वस्तू हवीच असेल, आणि मला माहितीये हवीच असणार, तर एक गंमत सांगतो. नॉर्दर्नमध्ये वाजणारी सगळी गाणी पडलेली नव्हती. काही अमेरिकेत त्या काळात चांगली हिट होती, म्हणजे ढिगाने छापली गेली, म्हणजे आज ओरिजिनल असूनही स्वस्त. एडविन स्टारचं रिक-टिकवरचं 'एजंट डबल-ओ-सोल', जॅकी लीचं मिरवूडवरचं 'द डक', डोबी ग्रेचं चार्जरवरचं 'द इन क्राउड', ओके लेबलवरचा मेजर लान्स, सगळं अस्सल, सगळं त्या काळातलं. आणि डॅरेल बँक्सचं 'ओपन द डोअर टु युअर हार्ट'. याच्यावर जरा थांबतो कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर या एका गाण्यात आहे. १९६६ चं, डेट्रॉइटच्या रेव्हिलॉट लेबलवरचं, तिकडे हिट, ती अमेरिकन प्रत मी एका रेकॉर्ड फेअरला ८ पौंडात घेतली. इंग्लंडात ते स्टेटसाइड लेबलवर आलं, त्याला जास्त पडतात. पण त्याआधी लंडन लेबलनेही ते छापायला घेतलं होतं, हक्काची भानगड झाली आणि मागे घेतलं, आणि त्या लंडनवाल्या प्रतीला काही वर्षांपूर्वी १४ हजार पौंडाच्या वर मोजले. गाणं तेच, गायक तोच, सुरुवात तीच. ८ पौंडात मला जे ऐकू येतं तेच त्यालाही ऐकू येतं, त्याने वरचे पैसे कागदाच्या एका गोल तुकड्याचे दिलेत. दिले तर दिले, त्याची हौस, पण तुला काय विकत घ्यायचंय ते तू ठरव.

तिसरा एक रस्ता आहे जो नवीन लोकांना कुणी सांगत नाही, सत्तरीतले ब्रिटिश रीइश्यू. क्लबात गाणं गाजलं की इथल्या कंपन्या ते परत काढायच्या आणि चक्क चार्टवर यायचं. आर. डीन टेलरचं 'देअर्ज अ घोस्ट इन माय हाउस' १९६७ ला अमेरिकेत कुणी विचारलं नाही, १९७४ ला इथे तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. रॉबर्ट नाइट, अल विल्सनचं 'द स्नेक', सगळे याच रांगेतले. जॉन अँडरसन म्हणून नॉरफोकचे एक मोठे व्यापारी होते, किंग्ज लिनला त्यांचं सोल बोल, त्यांनी ग्रेपव्हाइन नावाचं लेबलच काढलं यासाठी. या प्रती अधिकृत आहेत, आता स्वतःच पन्नास वर्षं जुन्या झाल्यात, आणि बऱ्याचशा पाच-दहा पौंडात मिळतात. महिन्याला ५० पौंडवाल्या माणसाने यातून सुरुवात केली तर वर्षाअखेरीला एक छान डबा भरतो.

आतापर्यंतचं एका दमात: शिकायला संकलन, हाताळायला त्या काळातले हिट आणि सत्तरीतले ब्रिटिश, आणि महागडं ओरिजिनल फक्त तेव्हा, जेव्हा एखादं गाणं तुला झोपू देत नाही.

आता खोटं कसं ओळखायचं. इथे मी माझीच फजिती सांगतो. २००६ ची गोष्ट, एका फेअरमध्ये मी १८० पौंड देऊन एक रेकॉर्ड घेतली. कुठली ते सांगत नाही, अजून राग येतो. लेबल चकचकीत, काळं प्लास्टिक आरशासारखं, चाळीस वर्षांची वस्तू आणि एक ओरखडा नाही, मला वाटलं काय नशीब आहे आपलं. सोमवारी हॉस्पिटलात घेऊन गेलो. आमच्याकडे एक पोर्टर होते, पन्नाशीकडे आलेले, विगनला आठवी-नववीपासून नाचलेले, मी मनातल्या मनात त्यांना मामा म्हणायचो, या नादाला त्यांनीच लावलं मला. मामांनी कॅन्टीनमध्ये रेकॉर्ड भोकातून बोटावर अडकवली आणि कडेला नखाने टिचकी मारली. थप्प असा आवाज आला. मग खिशातून... म्हणजे पिशवीतून, एक दुसरी रेकॉर्ड काढली, तिला टिचकी मारली. टिक्. चिनी मातीच्या बशीसारखा. म्हणाले, त्या लेबलचं हे गाणं स्टायरीनवरच छापलंय, तुझं व्हिनिल आहे. झालं. पुढे काही बोलले नाहीत, चहा पाजला.

तर हे स्टायरीन प्रकरण समजून घे. साठच्या दशकात अमेरिकेत बऱ्याच ४५ व्हिनिलवर न दाबता पॉलिस्टायरीन साच्यात ओतून बनवायचे, स्वस्त पडायचं. ती कडक असते, वाकत नाही, वाकवायला गेलास तर मोडेल, लेबल बरेचदा वरून चिकटवलेलं असतं. एखादं गाणं फक्त स्टायरीनवर निघालंय हे माहीत असेल आणि समोर व्हिनिल आलं तर प्रश्न मिटला. उलटही असतं. काही गाणी दोन्हीवर निघालीत, दोन वेगळ्या कारखान्यांतून, त्यामुळे आधी माहिती काढायची. डिस्कॉग्ज आणि ४५कॅट या वेबसाइटांवर लेबलांचे फोटो आणि लोकांच्या नोंदी असतात, घेण्याआधी दहा मिनिटं तिथे घालव.

दुसरं म्हणजे रन-आउट. शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतची जी गुळगुळीत पट्टी असते ती. टेबललँप बंद कर, टॉर्च तिरका धर, रेकॉर्ड हळूहळू फिरव. तिथे नंबर कोरलेला असतो, हाताने खरवडलेला किंवा शिक्क्याने उठवलेला, आणि बाजूला कधीकधी छोट्या खुणा. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याचा एक त्रिकोण आणि पुढे आकडा असतो, त्या आकड्यावरून महिनासुद्धा अंदाजाने काढता येतो. न्यूयॉर्कच्या बेल साउंड स्टुडिओचा शिक्का असतो, नॅशव्हिल मॅट्रिक्सचा असतो. मिशिगनमध्ये ओवोसो गावात अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंगचा कारखाना होता, मोटाउनची भरपूर कामं तिथे व्हायची, त्यांचा एआरपी असा बारीक शिक्का. तो कारखाना १९७२ ला आगीत गेला, म्हणजे तो शिक्का असलेली प्रत त्यानंतरची असूच शकत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला होता, एका जळालेल्या कारखान्याने तुमच्या हातातल्या वस्तूची साक्ष द्यावी! बूटलेगवाला लेबल हुबेहूब छापतो कारण ते सगळ्यांना दिसतं, रन-आउटमध्ये तो आळस करतो. तिथे मूळ शिक्का नसेल, नंबरचं अक्षर वेगळं असेल, किंवा सगळंच संशयास्पद स्वच्छ असेल, तर हात मागे घे.

लेबलवर भिंग धरलंस तर बारीक अक्षरांच्या कडा पसरट दिसतात का बघ, फोटोचा फोटो काढल्यावर येतं तसं. आणि लेबलवर बॉलपेनने कुणाचं नाव, रेडिओ स्टेशनचा शिक्का, किंवा लेबलमधून आरपार पाडलेलं भोक असेल तर घाबरू नकोस, भोक म्हणजे न खपलेला माल स्वस्तात काढल्याची खूण. किंमत थोडी कमी होते पण मला उलट बरं वाटतं, खोटं बनवणारा एवढे कष्ट घेत नाही.

एवढं करून माझ्या हातून तीन-चार चुका झाल्याच, तुझ्याही होतील, फक्त त्या दहा पौंडाच्या होऊ देत.

घेण्याबद्दल आणखी थोडं. ग्रेडिंगच्या भाषेला भुलू नकोस, 'व्हेरी गुड' म्हणजे प्रत्यक्षात खरखर, नाचायच्या हॉलमध्ये चालून जाते पण हेडफोनवर डोकं उठतं. 'व्हीजी प्लस', म्हणजे 'व्हेरी गुड'च्या वरची पायरी, तिच्या खालचं पोस्टाने घेऊ नकोस. अमेरिकेतून मागवलंस तर पोस्टेज आणि २० टक्के व्हॅट आधीच बेरजेत धर, नाहीतर ६ पौंडाची रेकॉर्ड २५ ला पडते. सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणजे सोल नाइटलाच भिंतीशी जे डबे घेऊन बसलेले असतात ते लोक. तिथे बहुतेक जण पोर्टेबल प्लेअरवर ऐकू देतात, आणि दुसरं म्हणजे त्यांना पुढच्या महिन्यात परत तिथेच यायचं असतं, त्यामुळे फसवणूक कमी. तू चार वेळा दिसलास, नीट हाताळतोस हे कळलं, की टेबलाखालचा डबा वर येतो.

प्लेअर सूटकेसवाला घेऊ नकोस, त्याची सुई जड असते आणि स्टायरीनला ती किसणीसारखी. अमेरिकन ४५ चं मधलं भोक मोठं असतं, दीड इंचाचं, त्याला अडॅप्टर लागतो, दोन-तीन पौंडाचा. रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, रेडिएटरपासून लांब. पुसायला डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड पुरतं. आजोबांच्या जुन्या ७८ च्या तबकड्या घरी असतील तर त्यांना स्पिरिट चुकूनही लावू नकोस, त्या शेलॅकच्या असतात. मी आमच्या घरची एक अशीच घालवली, नाट्यगीत होतं, आई अजून ऐकवते.

डीजेइंगचं. ते त्या त्या रात्रीवर अवलंबून आहे. पोस्टरवर 'ओव्हीओ' दिसलं, म्हणजे ओरिजिनल व्हिनिल ओन्ली, तर तिथे रीइश्यू न्यायचं नाही, विषय संपला. तिथले लोक दहा फुटांवरून लेबल ओळखतात, आणि अपमान तोंडावर करत नाहीत, पुढच्या वेळी बोलवत नाहीत फक्त. सत्तरीतल्या ब्रिटिश प्रतींवरून मात्र वाद आहेत, काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी नाक मुरडतात, आयोजकाला सरळ विचारायचं. तरुण पोरांच्या नव्या रात्री निघाल्यात, लंडनला, ब्रिस्टलला, तिथे एवढं सोवळं नसतं, आणि मला विचारशील तर हे टिकणार असेल तर त्यांच्यामुळेच. मी स्वतः क्लबात ओरिजिनलच वाजवतो, कारण मामांनी तसं शिकवलं आणि आता सवय झाली, पण माझ्यानंतर वाजवणाऱ्या मुलीने परवा रीइश्यू लावलं तेव्हा हॉल भरला होता आणि माझ्या वेळी अर्धा होता, हेही खरं.

आणि स्टायरीन वाजवताना पुढे-मागे फिरवून सुरुवात शोधायची सवय लावू नकोस, त्याच जागी जळल्यासारखी खरखर कायमची बसते. त्याला क्यू बर्न म्हणतात. विकत घेताना पहिले पाच सेकंद नीट ऐकायचे ते यासाठीच.

किंमत वाढते का? काहींची वाढली, फ्रँक विल्सनसारख्यांची तर विचारूच नको. पण तुझ्या-माझ्या पट्ट्यातल्या ३०-१०० पौंडाच्या रेकॉर्डी मी चढताना पाहिल्यात तशा उतरतानाही पाहिल्यात. कुठल्यातरी गोदामात एक खोकं सापडतं आणि २०० ची वस्तू एका महिन्यात ४० वर येते. शिवाय ज्या पिढीने या रेकॉर्डी वर नेल्या ती आता सत्तरीत आहे, त्यांचे डबे एकेक करून बाजारात येतायत. मामा गेले तेव्हा त्यांच्या मुलाने मला बोलावलं होतं, किंमत लावायला. दोन रविवार लागले. शेवटी त्याने ती टिक् वाजणारी रेकॉर्ड मला दिली, पैसे घेतले नाहीत. ती मी विकणार नाही, त्यामुळे तिची किंमत किती याला माझ्या दृष्टीने काही अर्थ नाही. पैसे वाढवायचे असतील तर म्युच्युअल फंड घे, इथे येऊ नकोस.

अजून एक, विचारलं नाहीस तरी. पुढच्या वेळी ट्रेनर, म्हणजे रबरी तळाचे बूट, घालून जाऊ नकोस, रबर फरशीला पकडतं आणि गिरकी घेताना गुडघा जातो. सोलला जाताना बुटाचा सोल चामड्याचा हवा. पोरं फरशीवर टाल्कम पावडर टाकायची ती यासाठीच, आता बऱ्याच हॉलवाले टाकू देत नाहीत. आणि हातात ग्लास घेऊन नाचणाऱ्यांच्या मधून जायचं नाही, कडेकडेने जायचं, यावरून मी शांत माणसं भडकलेली पाहिलीत.

त्या ३५ पौंडवाल्याकडून दोन्ही बाजूंच्या रन-आउटचे फोटो मागव, टॉर्च तिरका धरून काढायला सांग, आणि टिचकी मारल्यावर थप्प येतं की टिक् तेही विचार. फोटो आले की इथेच टाक, आणि गाण्याचं नावही सांग, ते तू लिहिलंच नाहीस. गुरुवारी माझी रात्रपाळी आहे, शुक्रवारी दुपारनंतर बघतो.